किण्वनपात्र (घरगुती बिअरनिर्मिती)

माल्टच्या गोड अर्कावर यीस्टची क्रिया होऊन ज्या भांड्यात त्याची बिअर बनते, त्या भांड्यास किण्वनपात्र असे म्हणतात. औद्योगिक मद्यनिर्माणशाळांतील किण्वनपात्रे हजारो लिटर क्षमतेची असतात. प्रस्तुत लेख मात्र घरगुती बिअरनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या, साधारणतः ५ ते ५० लिटर क्षमतेच्या पात्रांविषयी आहे. घरगुती बिअरनिर्मितीचा छंद मुख्यत्वे युनायटेड किंग्डम, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडा या देशांत रुजलेला आहे. तेथे पहिले पात्र बहुधा प्रारंभिक साहित्यसंचासोबतच मिळते, त्यामुळे त्याच्या निवडीचा प्रश्न उद्भवत नाही. ते पात्र फुटले, गळू लागले किंवा त्यातील बिअर वारंवार आंबट होऊ लागली, म्हणजे त्याच्या जागी कोणते पात्र घ्यावे, हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहतो. त्या वेळी पात्राचे द्रव्य, क्षमता, आकार, स्वच्छतेची सोय व वापरणाऱ्याची सुरक्षितता या सर्वांचा विचार करावा लागतो.

संज्ञा

'किण्व' हा शब्द संस्कृत असून मद्य आंबविण्यासाठी वापरावयाचे विरजण असा त्याचा अर्थ आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात हा शब्द याच अर्थाने आलेला आहे. इंग्रजीत घरगुती पात्रास 'फर्मेंटर' म्हणतात. अरुंद गळ्याच्या मोठ्या काचपात्रास अमेरिकेत 'कारबॉय' व ब्रिटनमध्ये 'डेमिजॉन' ही नावे रूढ आहेत. त्यांपैकी 'कारबॉय' हा शब्द फारसीतील 'कराबा' (मोठा शिसा) या शब्दापासून आला, तर 'डेमिजॉन' हा फ्रेंच 'दाम-जान' या शब्दाचा अपभ्रंश मानला जातो. मराठीत यांना रूढ प्रतिशब्द नाहीत, म्हणून या लेखात कारबॉय हाच शब्द वापरला आहे.

पार्श्वभूमी व कायदेशीर स्थिती

ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्याने घरी बिअर बनविण्यासाठी परवाना आवश्यक करण्यात आला होता. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये ही अट रद्द केली व त्यानंतर हा छंद तेथे झपाट्याने वाढला. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात (१९२० ते १९३३) लोक चोरून घरी बिअर बनवीत आणि त्यासाठी लोणच्याच्या दगडी बरण्या वापरीत. दारूबंदी उठल्यावर घरगुती द्राक्षमद्यास मुभा मिळाली, पण बिअरला मात्र मिळाली नाही. ती मिळण्यास १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यानुसार एका प्रौढ व्यक्तीच्या घरास वर्षाला १०० गॅलन, तर दोन वा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन बिअर स्वतःच्या उपयोगासाठी करमुक्त बनविता येते. राज्यांना स्वतंत्र निर्बंध घालण्याचा अधिकार होता. मिसिसिपी व अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली.

महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी आहे. १९४९ च्या मद्यनिषेध अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य बनविणे हा गुन्हा असून घरगुती बिअर त्यास अपवाद नाही. त्यामुळे पुढील विवेचन ज्या देशांत हा छंद कायदेशीर आहे, तेथे स्थायिक झालेल्या मराठी भाषकांनाच प्रत्यक्ष उपयोगी पडेल. इतरांनी ते माहितीदाखल वाचावे.

पात्रात काय घडते

पात्राची निवड समजण्यासाठी त्यात घडणारी प्रक्रिया थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. मोड आणून भाजलेल्या जवाचा, म्हणजे माल्टचा, गरम पाण्यात उतरविलेला गोड अर्क हॉप्ससह उकळतात. या अर्कास 'वर्ट' म्हणतात. वर्ट थंड करून पात्रात ओततात व त्यात यीस्ट मिसळतात. एल प्रकारच्या बिअरसाठी सामान्यतः १८ ते २२ अंश सेल्सियस, तर लागर प्रकारासाठी ८ ते १३ अंश सेल्सियस तापमान राखतात. यीस्ट साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू यांत रूपांतर करते. पहिल्या दोन-तीन दिवसांत पृष्ठभागावर फेसाचा जाड थर येतो, नंतर तो बसतो व तळाशी यीस्टचा साका जमतो.

या प्रक्रियेतील तीन गोष्टी पात्राशी थेट निगडित आहेत. पहिली गोष्ट वायूची. रासायनिक समीकरणानुसार १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल व ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो, म्हणजे दोहोंचे वजन जवळजवळ सारखेच असते. हा हिशेब मांडला तर मध्यम कडकपणाच्या २० लिटर बिअरमधून सामान्य तापमानास साडेतीनशे लिटरांहून अधिक वायू बाहेर पडतो. एवढ्या वायूला वाट मिळाली नाही तर झाकण उडते किंवा पात्र फुटते. म्हणून झाकणात 'एअरलॉक' ही छोटी नळी बसवितात. तिच्यातील पाण्यातून वायू बाहेर जातो, पण बाहेरची हवा आत येत नाही.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. उकळल्यामुळे वर्ट निर्जंतुक झालेला असतो. परंतु थंड होताच तो जंतूंचेही आवडते खाद्य बनतो. पात्राच्या भिंतीवर लॅक्टोबॅसिलस किंवा पेडियोकॉकस हे जीवाणू अथवा ब्रेटानोमायसिससारखे रानटी यीस्ट शिल्लक राहिले, तर ते यीस्टच्या बरोबरीने वाढून बिअर आंबट वा उग्र वासाची करतात. तिसरी गोष्ट प्राणवायूची. यीस्ट टाकताना वर्टमध्ये थोडा प्राणवायू हवाच असतो. किण्वन संपल्यानंतर मात्र तोच प्राणवायू बिअरचा शत्रू ठरतो व तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव आणतो.

पात्र बदलण्याची खरोखर गरज आहे काय

बिअर बिघडली की दोष पात्राच्या माथी मारण्याची सर्वसाधारण प्रवृत्ती आहे. प्रत्यक्षात अनेकदा पात्र निर्दोष असते व त्याची तोटी, नळी किंवा झाकणाचे रबरी कडे सदोष असते. या सुट्या भागांची किंमत पात्राच्या किमतीच्या मानाने किरकोळ असल्याने प्रथम त्यांचीच तपासणी करणे शहाणपणाचे होय.

एअरलॉकमधून बुडबुडे न येणे हे पात्र बिघडल्याचे किंवा किण्वन थांबल्याचे लक्षण समजले जाते. बादलीच्या बाबतीत ते बहुतेक वेळा केवळ झाकण नीट न बसल्याचे लक्षण असते. वायू एअरलॉकऐवजी झाकणाच्या कडेने निघून जातो आणि किण्वन बिनबोभाट चालू असते. झाकण हलकेच दाबून पाहावे. दाबल्यावर एअरलॉकमधील पाणी सरकले व सोडल्यावर परत आले, तर झाकण बऱ्यापैकी घट्ट आहे असे समजावे. किण्वन पूर्ण झाले की नाही, हे हायड्रोमीटरने घनता मोजूनच ठरवावे. सलग दोन-तीन दिवस मोजमाप बदलले नाही, तर किण्वन संपलेले असते. झाकणातून थोडा वायू निसटतो एवढ्यासाठी पात्र बदलण्याचे कारण नाही, कारण किण्वनाच्या भरात वायूचा प्रवाह आतून बाहेर असतो.

गळतीची परीक्षा सोपी आहे. पात्र काठोकाठ पाण्याने भरून कोरड्या कागदावर एक रात्र ठेवावे. तोटीच्या बुडाशी ओल दिसल्यास तिचे रबरी वायसर बदलावे. भिंतीलाच चीर असेल तर मात्र ते पात्र बाद समजावे. डिंक वा सिलिकोन लावून केलेली दुरुस्ती टिकत नाही आणि त्या सांध्यात जंतूंना कायमचे घर मिळते.

बिअर आंबट होत असेल तर दोषाचा माग काढण्याची एक रीत आहे. एकाच घाण्यातील काही बाटल्याच बिघडल्या असतील, तर दोष त्या बाटल्यांच्या धुण्यात आहे. सर्वच बाटल्या बिघडल्या असतील, तर दोष सर्वांस समान असलेल्या वस्तूत, म्हणजे पात्र, तोटी, सायफनची नळी किंवा बाटल्या भरण्याची कांडी यांत आहे. अशा वेळी प्रथम तोटी सुटी करून पाहावी. स्वस्त प्लॅस्टिकच्या तोट्या दोन भागांच्या असतात. गरम पाण्यात ठेवून आतील दट्ट्या ढकलल्यास त्या उघडतात, आणि वर्षभर न उघडलेल्या तोटीच्या पोटात जे तपकिरी कीट आढळते, ते पाहिल्यानंतर वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. तोटी व नळ्या बदलूनही पुढचा घाणा बिघडला तरच पात्राकडे वळावे. शंका उरल्यास एकच वर्ट दोन भागांत विभागून अर्धा संशयित पात्रात व अर्धा दुसऱ्या स्वच्छ पात्रात आंबवावा. दोहोंतील फरक निर्णय देतो.

बाटल्यांत अपेक्षेपेक्षा जास्त वायू होऊन झाकण उघडताच बिअर उसळणे, हेही काही वेळा पात्रात दडलेल्या परक्या यीस्टचे कृत्य असते. सेझाँ या बेल्जियन शैलीच्या बिअरसाठी वापरले जाणारे काही यीस्टप्रकार, ज्यांना 'डायास्टॅटिकस' म्हणतात, इतर यीस्टला न पचणारी साखरही हळूहळू पचवितात. त्यांचा अंश ओरखड्यांत शिल्लक राहिल्यास पुढील साध्या बिअरमध्येही ते आपले काम चालू ठेवतात. काचेच्या बाटलीत असा अनपेक्षित दाब वाढणे धोक्याचे असते. म्हणून आंबट शैलीच्या आणि अशा यीस्टच्या बिअरसाठी जुने प्लॅस्टिकचे पात्र वेगळे राखून ठेवण्याची पद्धत अनेकजण पाळतात.

प्लॅस्टिकची बादली दर वर्षी बदलावी, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. त्यास फारसा आधार दिसत नाही. काथ्या, तारेची घासणी वा खरखरीत ब्रश कधीही न लावलेली बादली अनेक वर्षे निर्वेध चालते. उलट एकदाच तारेने घासलेली बादली पहिल्या महिन्यातच निकामी होऊ शकते. वय पाहण्यापेक्षा आतील पृष्ठभागावरून कोरडे बोट फिरविणे व उजेडात चरे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

क्षमता व गॅलनचा घोटाळा

पात्राची क्षमता ठरविताना फेसासाठी मोकळी जागा सोडावी लागते. एकूण क्षमतेच्या पाचव्या ते चौथ्या भागाएवढी जागा रिकामी ठेवणे इष्ट मानतात. गव्हाच्या व कडक बिअरचा फेस अधिक उसळत असल्याने त्यांना याहून जास्त जागा लागते. जागा अपुरी पडल्यास फेस एअरलॉकमध्ये शिरून त्याचे तोंड बुजवितो आणि मग आतील दाब वाढतो. त्यावर उपाय म्हणून पहिल्या काही दिवसांसाठी एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचे दुसरे टोक पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवतात.

बदली पात्र घेताना एक चूक वारंवार होते, ती गॅलनची. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरांचा, तर ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरांचा असतो. '५ गॅलन' म्हणजे अमेरिकेत सुमारे १९ लिटर व ब्रिटनमध्ये सुमारे २३ लिटर. ब्रिटिश कृतीनुसार २३ लिटर वर्ट बनवून तो ५ अमेरिकन गॅलनच्या कारबॉयमध्ये ओतू पाहणाऱ्यास चार लिटर वर्ट हाती शिल्लक राहिल्याचे आढळते, आणि फेसासाठी तर जागाच उरत नाही. म्हणून गॅलनवर विसंबू नये व लिटरमध्येच क्षमता पाहावी. २० ते २३ लिटरच्या घाण्यासाठी २७ ते ३० लिटरचे पात्र योग्य असते.

पात्र ज्या जागी ठेवावयाचे तिची मापेही आधी घ्यावीत. तापमान राखण्यासाठी अनेकजण जुन्या शीतकपाटाचा उपयोग करतात. किण्वनाच्या भरात यीस्टच्या क्रियेने वर्टचे तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी वाढते, हे त्याचे कारण. पात्राची उंची मोजताना एअरलॉकची उंची धरली जात नाही आणि शीतकपाटाची खोली मोजताना मागील बाजूचा संपीडकाचा उंचवटा विसरला जातो. या दोन कारणांनी उत्तम पात्रे परत करावी लागल्याची उदाहरणे विरळा नाहीत.

द्रव्यानुसार प्रकार

प्लॅस्टिकची बादली. उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनची (एचडीपीई) किंवा पॉलिप्रॉपिलीनची बादली हे सर्वांत स्वस्त व सर्वाधिक प्रचारातले पात्र होय. ती हलकी असते, तिला कडी असते, पडली तरी फुटत नाही आणि रुंद तोंडामुळे आतून हाताने मऊ फडक्याने पुसता येते. एचडीपीई उष्णता बऱ्यापैकी सहन करते. ऑस्ट्रेलियात तर उकळता वर्ट थेट याच द्रव्याच्या चौकोनी डब्यांत भरून रात्रभर आपोआप निवू देण्याची पद्धत रूढ आहे, कारण पाण्याच्या टंचाईत वर्ट थंड करण्यासाठी पाणी वाया घालविणे लोकांना परवडत नाही.

बादलीचे तीन दोष सांगितले जातात. तिला ओरखडे पडतात, ती वास धरून ठेवते आणि तिच्या भिंतीतून प्राणवायू झिरपतो. पहिले दोन खरे आहेत. तिसराही खरा आहे, परंतु एक-दोन आठवड्यांच्या किण्वनात त्याचा परिणाम जाणवत नाही. महिनोन्‌महिने मुरवावयाची बिअर असेल तरच त्याचा विचार करावा लागतो.

प्लॅस्टिक अन्नासाठी योग्य आहे की नाही, हे पाहणे अत्यावश्यक आहे. तळाशी त्रिकोणात लिहिलेला २ हा अंक एचडीपीई, ५ हा पॉलिप्रॉपिलीन, तर १ हा पीईटी दर्शवितो. पण तो अंक केवळ द्रव्याचा प्रकार सांगतो, अन्नासाठीची योग्यता सांगत नाही. युरोपात त्यासाठी पेला व काटाचमचा यांचे चिन्ह वापरतात. रंग, डिटर्जंट किंवा रसायने ज्यात आली होती ती बादली कितीही धुतली तरी वापरू नये. लोणच्याची वा व्हिनेगरची रिकामी बादली आरोग्यास घातक नसली, तरी तिचा वास बिअरमध्ये उतरतो.

पीईटीचे कारबॉय. हे काचेसारखे पारदर्शक, पण वजनाला अगदी हलके असते. त्यातून प्राणवायू एचडीपीईच्या मानाने पुष्कळच कमी झिरपतो. मात्र उष्णता त्यास सोसत नाही. ६० अंशांहून अधिक गरम पाणी ओतल्यास ते आक्रसून वाकडे होते. कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कही त्यास मानवत नाही. अरुंद गळ्यातून ब्रश घालून घासणे म्हणजे ओरखडे पाडणे होय. त्याऐवजी सोडियम परकार्बोनेटच्या कोमट द्रावणात रात्रभर भिजवून ठेवावे. सकाळी कीट आपोआप सुटलेले असते.

काचेचे कारबॉय. काचेस ओरखडे सहजी पडत नाहीत, तिच्यातून वायू झिरपत नाही, ती वास धरत नाही आणि आतील किण्वनाचा देखावा दिसतो. या गुणांमुळे एके काळी काच हेच श्रेष्ठ द्रव्य मानले जाई. आज तिच्याविषयीचे मत बदलत चालले आहे. त्याचे मुख्य कारण अपघात हे आहे.

२३ लिटरचे काचेचे कारबॉय रिकामे असतानाच सहा-सात किलो भरते आणि वर्टसह त्याचे वजन ३० किलोच्या आसपास जाते. ते गुळगुळीत असते, धुताना ओले व साबणाने निसरडे झालेले असते, आणि बहुतेक अपघात भरलेले पात्र उचलताना नव्हे तर रिकामे पात्र धुताना होतात. हातून निसटलेले कारबॉय पकडण्यासाठी माणूस नकळत हात पुढे करतो व फुटलेल्या काचेच्या कडा मनगट आणि तळव्यातील स्नायुबंध कापतात. अशा जखमांत शस्त्रक्रिया करावी लागते व बोटांची हालचाल कायमची कमी होऊ शकते. काच तापमानातील एकाएकी बदलही सोसत नाही. गरम वर्ट थंड काचेत किंवा गरम काच थंड फरशीवर, हे दोन्ही तिला तडा जाण्यास पुरेसे असते. याशिवाय बाहेरून न दिसणारी सूक्ष्म चीर पुढील वापरात अचानक उघड होते.

ज्यांना तरीही काचच हवी असेल त्यांनी पुढील पथ्ये पाळणे आवश्यक आहे. भरलेले पात्र गळ्याला लावलेल्या कडीने उचलू नये, कारण ती कडी रिकाम्या पात्रासाठीच असते. पट्ट्यांची झोळी वापरावी अथवा पात्र कायम दुधाच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवावे. रबरी चटईवर धुवावे, पायांत जोडे असावेत. निसटले तर निसटू द्यावे, पकडू नये. धुऊन झाल्यावर उजेडासमोर धरून चीर तपासावी. काचेस बुचाने पूर्ण बंद करून दाब कधीही देऊ नये. काचपात्रास किण्वनाच्या वेळी टवका गेलेला आढळल्यास ती संपूर्ण बिअर फेकून द्यावी, गाळून पिण्याचा मोह धरू नये. काचेचा आणखी एक दोष म्हणजे प्रकाश. हॉप्समधील कडू घटकांवर प्रकाश पडला की गंधकयुक्त संयुग तयार होते व बिअरला स्कंक या प्राण्यासारखी दुर्गंधी येते. त्यामुळे काचपात्रावर जाड कापड वा पुठ्ठा झाकून ठेवावा लागतो आणि मग पारदर्शकतेचा तो देखावाही उरत नाही. लहान प्रमाणावरील प्रयोगांसाठी ४-५ लिटरचे डेमिजॉन मात्र उत्तम, कारण ते एका हाताने सुरक्षितपणे पेलता येते.

अगंज पोलाद (स्टेनलेस स्टील). ३०४ प्रतीच्या पोलादाची पात्रे फुटत नाहीत, त्यांना सहसा ओरखडे पडत नाहीत, उकळते पाणी व बहुतेक स्वच्छताद्रव्ये ती सोसतात व प्रकाश आत जाऊ देत नाहीत. नीट वापरल्यास ती आयुष्यभर पुरतात. त्यांची किंमत बादलीच्या अनेकपट असते व आत काय चालले आहे ते दिसत नाही, एवढेच त्यांचे उणे. क्लोरीनयुक्त ब्लीच मात्र पोलादास वर्ज्य आहे. क्लोराइडमुळे पृष्ठभागावरील संरक्षक थर भेदला जाऊन सूक्ष्म खड्डे पडतात, आणि तेथेच गंज व जंतू या दोहोंस थारा मिळतो. ब्लीच अन्य पात्रांसाठीही फारसे चांगले नाही, कारण त्याचा अंश राहिल्यास बिअरला औषधासारखी चव येते.

शीतपेयांच्या व्यवसायातून निवृत्त झालेली १९ लिटरची 'कॉर्नेलियस' पिंपे हा पोलादाचा स्वस्त पर्याय होय. त्यांत १६-१७ लिटर वर्ट आंबविता येतो, दाब सहन होतो आणि किण्वनानंतर हवेचा संपर्क न येऊ देता बिअर दुसऱ्या पिंपात ढकलता येते. जुने पिंप घेताना त्याची सर्व रबरी कडी बदलावीत. पूर्वीच्या शीतपेयाचा वास त्या कड्यांतच मुरलेला असतो.

चिनी माती, लाकूड व इतर धातू. मराठी घरांतील लोणच्याच्या बरणीशी साधर्म्य असलेल्या चिनी मातीच्या बरण्या पूर्वी वापरात होत्या. बिअरचा सामू ४ ते ४.५ च्या दरम्यान, म्हणजे आम्लधर्मी, असतो. जुन्या बरणीच्या लुकणात शिसे असल्यास ते बिअरमध्ये उतरू शकते व लुकणास तडे असल्यास तेथे जंतू राहतात. म्हणून अशा बरण्या टाळाव्यात. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवण्यापूर्वी कल्हई का करीत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना तांबे व पितळ यांविषयी वेगळे सांगावयास नको. ॲल्युमिनियमचे पातेले वर्ट उकळण्यास चालते, किण्वनास मात्र त्याची शिफारस केली जात नाही. ओकची पिंपे बेल्जियन लाम्बिकसारख्या खास बिअरसाठीच असून बदली पात्र म्हणून त्यांचा विचार करण्याचे प्रयोजन नाही.

शंक्वाकार पात्रे

विसाव्या शतकाच्या आरंभी लिओपोल्ड नाथान यांनी पुरस्कारलेली दंडगोल-शंक्वाकार पात्रे आज औद्योगिक क्षेत्रात सर्वत्र रूढ आहेत. निमुळत्या तळाशी साका जमतो व खालची झडप उघडून तो काढून टाकता येतो. अनेक मीटर उंचीच्या पात्रात ही सोय अनिवार्य आहे, कारण द्रवस्तंभाच्या भाराखाली यीस्ट फार काळ राहू देणे हानिकारक असते. २० लिटरच्या पात्रात तसा भार पडत नाही व दोन-तीन आठवडे साक्यावर राहिल्याने बिअर सहसा बिघडत नाही. त्यामुळे घरगुती शंक्वाकार पात्राचा खरा लाभ म्हणजे यीस्ट पुनर्वापरासाठी काढून घेण्याची सोय आणि दिसण्यातील ऐट. त्याबदल्यात झडपा, कडी व सांधे यांची संख्या वाढते व प्रत्येक सांधा दर वेळी सुटा करून धुवावा लागतो. पहिली बादली स्वच्छतेच्या आळसामुळे निकामी झाली असेल, त्याने तिच्या जागी शंक्वाकार पात्र आणणे हा रोगाहून भयंकर इलाज ठरतो.

दाब सहन करणारी पीईटीची शंक्वाकार पात्रे अलीकडे लोकप्रिय झाली आहेत. त्यांवर निर्मात्याने दाबाची मर्यादा व तपासणीची मुदत छापलेली असते. मुदत उलटल्यावर ते पात्र पुन्हा पाण्याच्या दाबाने तपासल्याखेरीज दाबाखाली वापरू नये. गरम पाणी वा अयोग्य रसायन लागल्यास अशा पात्राचा भरवसा धरू नये. दाबमुक्तीची झडप न बसविता ते कधीही वापरू नये. असे पात्र जुने विकत घेणे सर्वथा टाळावे, कारण त्याचा पूर्वेतिहास कळण्याचा मार्ग नसतो.

निवड

महिन्यातून एखादा घाणा बनविणाऱ्यास, ज्याची बिअर दोन-तीन आठवड्यांत बाटल्यांत भरली जाते, रुंद तोंडाची नवी एचडीपीईची बादली पुरेशी आहे. एका महाग पात्राच्या किमतीत तीन-चार बादल्या येतात आणि एक घाणा मुरत असताना दुसरा सुरू करता येतो, हा फायदा दुर्लक्षिला जातो. जिना चढून पात्र न्यावे लागत असेल, पाठीचे दुखणे असेल अथवा घरात लहान मुले असतील, तर काच पूर्णपणे वगळावी. हॉप्सचा सुगंध हा ज्या शैलींचा प्राण आहे त्या बिअर प्राणवायूने फार लवकर बिघडतात, म्हणून त्या नेहमी बनविणाऱ्याने बंद पद्धतीने बिअर हलविता येईल असे पोलादी वा दाबसह पात्र घेण्यात अर्थ आहे. छंद टिकेल की नाही याची खात्री नसताना पोलादात पैसे गुंतवू नयेत.

तोटी असावी की नसावी याविषयी मतभेद आहेत. तोटीमुळे नमुना घेणे व बाटल्या भरणे सोपे होते. तोटीविना पात्र धुण्यास सोपे असते. दर घाण्यानंतर तोटी उघडून धुण्याची ज्यांना सवय आहे त्यांनीच ती घ्यावी.

नव्या पात्राची पूर्वतयारी

नव्या पोलादी पात्रावर कारखान्यातील तेलाचा व पॉलिशचा थर असतो. सोडियम परकार्बोनेट किंवा तत्सम अल्कधर्मी द्रव्याने तो काढल्यावर पांढरे फडके फिरवून काळे डाग येतात काय ते पाहावे. नव्या प्लॅस्टिकचा वास त्याच द्रावणात एक-दोन दिवस भिजवून व नंतर उघडे ठेवून जातो. धुणे व निर्जंतुक करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मळलेल्या पृष्ठभागावर निर्जंतुक करणारे द्रव्य काम करीत नाही. फॉस्फोरिक आम्लावर आधारित किंवा आयोडीनयुक्त द्रव्ये सांगितलेल्या प्रमाणात वापरल्यास ती पुन्हा पाण्याने खंगाळण्याची आवश्यकता नसते. आयोडीनमुळे प्लॅस्टिक पिवळसर होते, तो डाग निरुपद्रवी आहे.

आतील मापाच्या खुणा अनेकदा चुकीच्या असतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी लिटरच्या मापाने पाणी ओतून स्वतः खुणा करून घ्याव्यात. खुणा बाहेरच्या बाजूने कराव्यात, आत कोरू नयेत. पहिला घाणा साध्या व परिचित बिअरचा असावा, म्हणजे चवीत फरक पडल्यास तो पात्रामुळे आहे की कृतीमुळे हे ओळखता येते.

जुन्या पात्राचा उपयोग

ओरखडे पडलेली पण न गळणारी बादली माल्ट साठविण्यासाठी, बाटल्या भिजत घालण्यासाठी किंवा निर्जंतुक द्रावण ठेवण्यासाठी वापरता येते. तिच्यावर ठळक खूण करावी, नाहीतर घाईच्या वेळी तीच पुन्हा किण्वनासाठी उचलली जाते. तडा गेलेले काचेचे कारबॉय कोणासही देऊ नये. ते जाड कापडात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून व खोक्यावर आत फुटकी काच असल्याचे लिहून स्थानिक कचरासंकलनाच्या नियमांप्रमाणे टाकावे.